सांडू मगरेचा साडेनऊशेचा गॉगल

आडनाव मगरे आणि उभ्या आयुष्यात धड एक मासा धरता आला नाही, हे सांडू स्वतःच सगळ्यांना सांगत असे. दुसऱ्यानं बोलायच्या आधी आपण बोलून घेतलं की कमी लागतं, असा त्याचा अनुभव होता.

औरंगाबादच्या चिकलठाण्यात एका कंपनीत तो टर्नर होता. लेथवर हात असा बसलेला, की केसाएवढा फरक त्याच्या अंगठ्याला कळायचा. फोरमन नानासाहेब कुणाला काम समजावून सांगायचं असलं की सांडूच्या मशीनपाशी आणून उभं करायचे. पण मशीन सोडून बाकीच्या दुनियेत सांडूनं जे जे निवडलं ते ते फसलं. छत्री घेतली ती पहिल्याच वाऱ्यात उलटी झाली. सायकल घेतली तिची चेन चढावर हमखास उतरायची. मुकुंदवाडीत खोली बांधायला जागा घेतली ती थेट रुळाच्या कडेला, स्टेशन जवळ पडतं म्हणून. त्या स्टेशनावर गाड्या थांबायच्या मोजक्या आणि भांडी हलवून जायच्या सगळ्या.

त्याची बायको मनकर्णाबाई याबद्दल कधी भांडली नाही. शेजारच्या बायकांना ती एवढंच सांगायची, "मला यायनी निवडलं नाय, सासूबाईनं निवडलं. म्हनून संसार चालला."

माशांचं प्रकरण सुरू झालं ते ब्याण्णव साली, आणि तेही एका थापेतून. तिकडं वाळूजला दर महिन्याला नवी कंपनी उभी राहत होती, आणि चिकलठाण्याच्या मालकाला वाटायला लागलं होतं की आपण मागं पडलो. म्हणून त्यानं जर्मनीहून एक मोठं मशीन मागवलं. मशीनबरोबर ते बसवून द्यायला एक साहेब आला. उंच, ताडमाड, उन्हानं गाजरासारखा लाल झालेला. पहिल्या शुक्रवारी, म्हणजे कंपनीच्या सुट्टीला, त्याला वेरूळ दाखवून आणलं. दुसऱ्या शुक्रवारी त्यानं मासे धरायला जायचं म्हणून सांगितलं. नानासाहेब मशीन शॉपमध्ये आले आणि म्हणाले, "गळ टाकता येतो का कुणाला? साहेबाबरोबर जायचंय. जीप आहे, जेवण आहे."

सांडूचा हात वर गेला. तो का गेला, हे त्याला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही. लहानपणी गावच्या ओढ्यात आईच्या लुगड्याचा तुकडा धरून त्यानं बोटभर मासळ्या अडवल्या होत्या, एवढीच त्याची विद्या. पण जीप हा शब्द ऐकला आणि हात गेला तो गेला.

बिडकीन मागं टाकून आडवाटेनं ते पैठणच्या धरणाच्या, म्हणजे नाथसागराच्या काठाला पोचले. साहेबानं पेटीतून तुकड्या-तुकड्यांची काठी काढून जोडली, तशीच दुसरी सांडूच्या हातात दिली, डोळ्यांवर गॉगल चढवला आणि अर्ध्या तासात दोन रोहू बाहेर काढले. सांडूनं तेवढ्या वेळात तीनदा बाभूळ धरली. गळ मागं घ्यायचा, जोरात पुढं टाकायचा, आणि दोरी मागच्या झाडातच. तिसऱ्यांदा काट्यांतून दोर सोडवत होता तेव्हा मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "पावनं, बाभळीत मासं ऱ्हात न्हाईत."

खांद्यावर घोंगडी, डोक्याला लाल मुंडासं, मागं साठ-सत्तर मेंढरं. हा मुंजाबा. वय पन्नाशीच्या पुढं. धरणाच्या काठानं मेंढरं चारायची, पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात थोडं पेरायचं, आणि हात रिकामे असले की बिडकीनला मजुरीला जायचं, असा त्याचा वर्षाचा क्रम होता. सांडूनं आपलं नाव सांगितलं. मुंजाबानं आडनाव दोनदा म्हणून पाहिलं, बाभळीकडं पाहिलं, आणि तोंडावर मुंडाशाचा शेव धरला. हसू लपवायची त्याची ती रीत होती.

साहेबाला बहुधा दया आली. त्यानं आपला गॉगल उतरवून सांडूच्या नाकावर ठेवला आणि पाण्याकडं बोट केलं.

तोवर सांडूला पाणी म्हणजे पत्र्यासारखं चकाकणारं एक पांढरं काहीतरी दिसत होतं, बघितलं की डोळे बारीक व्हायचे. गॉगल चढवला आणि तो पत्रा कुणीतरी काढून बाजूला ठेवला. खाली तळ होता. गोटे होते, हिरवं लांब गवत होतं, आणि त्या गवताच्या कडेला, त्याच्यापासून दोन हातांवर, एक मरळ होती. हातभर लांब, काळसर, पाठीवर पट्टे. नुसते कल्ले हलवत उभी होती. सांडूनं गॉगल वर केला, पुन्हा पत्रा. खाली केला, पुन्हा मरळ. असं त्यानं इतक्या वेळा केलं की साहेबानं शेवटी गॉगल मागून घेतला.

जायच्या दिवशी साहेबानं त्याला वहीच्या कागदावर एक इंग्रजी शब्द लिहून दिला, पोलराइज्ड. पाण्यावर आपटून जो उजेड आडवा डोळ्यांत येतो तो ही काच अडवते, हे त्यानं दोन्ही हातांनी दाखवलं. सांडूनं ती चिठ्ठी घडी घालून पास ठेवायच्या पाकिटात घातली.

पैठण गेटजवळ नईमभाईंचं चष्म्याचं दुकान होतं. सांडूनं तिथं चिठ्ठी दाखवली. नईमभाईंनी काचेच्या कपाटातून एक डबी काढली आणि किंमत सांगितली, साडेनऊशे. सांडूनं डबीला हातही लावला नाही. "बघून येतो," म्हणाला. पगाराचा जवळजवळ निम्मा भाग नाकावर ठेवून पाण्यात वाकायचं, ह्या कल्पनेनंच त्याचं नाक घामानं ओलं झालं.

गुरुवारी तो छावणीच्या बाजारात गेला. तिथं जमिनीवर चादर टाकून एकजण गॉगल विकत होता, आणि प्रत्येक काचेवर एक चकचकीत चिकटपट्टी होती. सांडूनं पाकिटातली चिठ्ठी काढली आणि चिठ्ठीतलं एकेक अक्षर पट्टीवरच्या अक्षराशी लावून पाहिलं, जसा ड्रॉइंगशी घडवलेला जॉब ताडून पाहतात तसा. नऊच्या नऊ अक्षरं बरोबर. किंमत तीस रुपये. त्याला नईमभाईंचा राग आला. अक्षरं तीच, मग नऊशे वीस रुपये कशाचे?

दुसऱ्या दिवशी तो पैठणच्या एसटीत बसून काठावर गेला. नानासाहेबांकडून ओळखीनं एक जुनी काठी मिळवलेली होती. गॉगल चढवला. पाणी आधी पांढरा पत्रा होतं, आता तपकिरी पत्रा झालं. सांडूनं मान तिरपी करून पाहिलं, वाकून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं. साहेबाच्या गॉगलची सवय व्हायला वेळ लागला नव्हता, पण ह्याला लागत असेल, असं त्यानं मनाशी ठरवलं. तीस रुपये दिलेले होते, काहीतरी दिसायलाच हवं होतं.

मुंजाबा मेंढरं बसवून शेजारी येऊन टेकला. "काय दिसतंय, मगरे?"

"कटला हाये एक. मोठा. पार तळाला बसलाय, त्या दगडाला लागून."

"आसं?" मुंजाबानं धोतर वर खोचलं, गुडघाभर पाण्यात गेला, सांडूनं दाखवलं तिथं हात घातला आणि सायकलचं एक जुनं टायर वर काढलं. काठावर आणून त्यानं ते सांडूच्या पुढ्यात ठेवलं. "घे," म्हणाला. "पाच-सा किलोचं भरंल."

हा किस्सा शनिवारी सगळ्या शॉपला माहीत झाला. मुंजाबानं नाही, सांडूनंच सांगितला. आधी आपण.

ह्यावरून माणूस शहाणा व्हायला पाहिजे होता. पण सांडू छावणीत परत गेला आणि विक्रेत्याशी भांडला. विक्रेता म्हणाला, "वो पुराना माल था, भाई. ये देखो, नया आया है." नव्या मालाची काच हिरवी होती, आरशासारखी, समोरच्या माणसाला स्वतःचंच तोंड दिसायचं. किंमत चाळीस. सांडूनं घेतला. त्याच्यातून पाणी हिरवं दिसायचं. मुंजाबाला मात्र तो फार आवडला, कारण सांडूच्या डोळ्यांत बघून त्याला मुंडासं नीट करता यायचं.

असं वर्षभर चाललं. दर शुक्रवारी सांडू काठावर, दर शुक्रवारी रिकामी पिशवी. मुंजाबा उघड्या डोळ्यांनी मासे दाखवायचा. ऊन पाठीशी घेतलं की पाणी चकाकत नाही, हे त्यानं शिकवलं. पण ऊन पाठीशी घेतलं की सांडूची सावली पाण्यावर पडायची आणि मासे पळायचे. "तुह्यी सावली बी तुह्यासारखीच हाय," मुंजाबा म्हणायचा, "नको तिथं पडती."

आता सांडूची दुसरी बाजू. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या, तेव्हा सांडूचं गावाकडचं घरही जळलं. त्याची आई मुक्ताबाई अंगावरच्या लुगड्यानिशी मुकुंदवाडीला आली ती परत गेली नाही. तेव्हापासून सोळा वर्षं नामांतर हा त्यांच्या घरातला रोजचा शब्द होता, मीठ-मिरचीसारखा. मुक्ताबाई एकही मोर्चा चुकवत नसे. सांडूही जायचा. एका सत्याग्रहात तो चार दिवस हर्सूलच्या तुरुंगात होता. वस्तीत सांगताना त्याचे अकरा दिवस व्हायचे, आणि साहेबराव जवळपास असले की पुन्हा चार व्हायचे. साहेबराव वस्तीतल्या समितीचे प्रमुख. ते खरोखर महिनाभर आत होते आणि त्यांना सगळ्यांचे दिवस पाठ होते.

त्र्याण्णवच्या डिसेंबरातल्या मोर्चात सांडू तो हिरवा आरशाचा गॉगल घालून गेला. ऊन होतं म्हणून. साहेबरावांनी त्याला रांगेतून बाहेर काढलं आणि म्हणाले, "सांडू, आपन मोर्चाला आलोत. नाटकाची पार्टी न्हाई." मुक्ताबाईनं तो गॉगल पोराच्या डोळ्यांवरून काढला आणि आपल्या पिशवीत टाकला. घरी आल्यावर तिनं तो खिडकीत लटकवला, चिमण्या आत येऊ नयेत म्हणून. त्यासाठी तो गॉगल खरंच उपयोगी पडला.

त्याच महिन्यात कंपनीत पगाराचा करार झाला आणि मागची थकलेली रक्कम एकदम हातात आली. सांडू घरी जायच्या आधी पैठण गेटला उतरला. खिशात पहिला तीस रुपयांचा गॉगल होता. त्यानं तो नईमभाईंच्या समोर ठेवला आणि म्हणाला, "ह्याच्यात आन् तुमच्या साडेनऊशेच्यात फरक काय, ते दाखवा. दिसला तर घेतो."

नईमभाईंनी आपला एक गॉगल उजेडासमोर उभा धरला आणि त्याच्यापुढं सांडूचा धरून फिरवला. काही झालं नाही. मग त्यांनी आपल्याच दुकानातले दोन गॉगल एकमेकांसमोर धरले आणि एक हळूहळू आडवा केला. दोन्ही काचा मिळून काळ्याकुट्ट झाल्या, पलीकडचा दिवा दिसेनासा झाला. उभा केला, दिवा परत.

"समझे?" नईमभाई म्हणाले. "इसमें जाली है, बारीक, नजर नै आती. आडा उजाला रुक जाता. तुम्हारा वाला तो मियाँ, काली बोतल का टुकड़ा है."

सांडूचं समाधान झालं नाही. यंत्रावर काम करणारा माणूस, चालवून पाहिल्याशिवाय विश्वास कसा ठेवायचा? त्यानं परात मागितली. नईमभाईंनी वर घरात हाक मारली, परात आली, तिच्यात पाणी ओतलं, आणि दुकानाच्या पायरीवर उन्हात ठेवली. सांडूनं खिशातलं एक नाणं तळाला टाकलं आणि उकिडवं बसून आधी आपल्या गॉगलमधून पाहिलं, मग त्यांच्या. रस्त्यावरची चार माणसं थांबली. एकानं विचारलं काय हरवलंय. साडेनऊशेच्या काचेतून नाण्यावरचं साल वाचता येत होतं.

सांडूनं गॉगल घेतला. नाणं मात्र परातीतच राहिलं, ते त्याला एसटीत आठवलं.

घरी त्यानं डबी धान्याच्या कोठीमागं लपवली. मनकर्णाबाईला ती झाडताना सापडली. तिनं गॉगल घालून मोरीतल्या बादलीत पाहिलं, परत डबीत ठेवला, आणि जेवायला वाढताना म्हणाली, "चांगला हाये. बादलीच्या तळाला शेवाळ झालंय, उंद्या घासून द्या."

चौदा जानेवारी शुक्रवारी आली. संक्रांत. काहीतरी घोषणा होणार अशी गावभर कुजबूज होती, चौकाचौकात पोलीस उभे होते. सकाळी सांडू काठी घेऊन निघाला तेव्हा मुक्ताबाई उंबऱ्यात बसलेली होती.

"आज नको जाऊ, सांडू. आज व्हईल म्हनत्यात."

"आई, सोळा वर्सं झालं, आज व्हईल म्हनत्यात."

"आज निराळं वाटतंय."

"दुपारपतूर येतो," सांडू म्हणाला. नवा गॉगल अजून पाण्यावर नेलेला नव्हता, हे खरं कारण होतं. तो ते बोलला नाही, पण आईनं खांद्यावरच्या पिशवीकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मुंजाबा काठावर तिळाचे लाडू घेऊन बसला होता. बायकोनं, सारजाबाईनं, सांडूसाठी म्हणून दोन जास्तीचे दिले होते. सांडूनं लाडू तोंडात टाकला, डबी उघडली, गॉगल चढवला आणि पाण्याच्या कडेला गेला.

सगळं परत आलं. गोटे, गवत, गवतातून जाणारा चिलापी माशांचा थवा. तो काठाकाठानं चालत राहिला. काठी हातात होती, पण गळ टाकायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही. बघता बघता तो नेहमीच्या जागेच्या बराच पुढं आला, जिथं एक उंचवटा पाण्यात शिरत होता, आणि तिथं थांबला.

"मुंजाबा, खाली भित्त हाये."

"आन् भित्तीवर कटला बसलाय का?"

"खरंच सांगतो. घडीव दगडाची. गोल हाये. एक पायरी बी दिसती."

मुंजाबाचं हसू गेलं. तो उठून आला. सांडूनं गॉगल काढून त्याला दिला. मुंजाबानं मुंडासं वर सारून तो डोळ्यांवर ठेवला, पाण्याकडं पाहिलं, आणि हवेत बोटानं त्या भिंतीचा गोल गिरवला. मागं एक मेंढरू खोकत होतं.

"हा पार हाय," तो शेवटी म्हणाला. "मारुतीचा. देव नवीन वसाहतीत नेला, पार कोन नेनार? त्ये पायरीपासून चार घरं सोडली की आमचं."

सांडूला एवढंच माहीत होतं की मुंजाबाचं गाव धरणात गेलं. गावाचं नाव वडखेडं होतं हे मुंजाबानं त्याला आज पहिल्यांदा सांगितलं. मुंजाबा पाण्यात उतरला. गुडघाभर, मग कमरेपर्यंत. पायानं चाचपत पाराच्या कडेवर चढला आणि चार घरं पुढचं दिसतंय का म्हणून पुढं वाकला. त्याचं नाक बारीक होतं, आणि गॉगल बनवला होता गोऱ्या माणसाच्या नाकासाठी. तो हळूच घसरला, पाण्यावर एवढासा टपकन आवाज झाला, आणि गेला.

दोघंही जागच्या जागी थिजले. मग सांडू कपड्यांसकट पाण्यात शिरला.

पुढचे तीन तास सांडूनं नंतर शंभरदा सांगितले आहेत. पाण्यात पडलेला गॉगल शोधायचा तर पाण्यातलं दिसायला हवं, आणि पाण्यातलं दाखवणारी वस्तू तेवढी एकच होती, ती पाण्यात होती. सांडूनं तीस रुपयांचा गॉगल चढवून पाहिला. तपकिरी पत्रा. पायांनी चाचपलं, डुबकी मारून हातांनी चाचपलं. जानेवारीचं पाणी, दात वाजायला लागले. मुंजाबाच्या हाताला एक फुटकी चूल लागली, तिचा तुकडा त्यानं वर आणला आणि कुणाची असेल ते सांगत बसला. सांडूच्या पायाला शिंपला लागला. गाळ ढवळून पाणी इतकं गढूळ झालं की साहेबाचा गॉगल असता तरी काही दिसलं नसतं.

ऊन कलायला लागलं तसे दोघं बाहेर आले. मुंजाबा खाली मान घालून म्हणाला, "एक मेंढरू घेऊन जा. चांगलं देतो."

सांडूला रागवायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण तो माणूस अजून त्या चुलीच्या तुकड्याचा गाळ अंगठ्यानं काढत होता. "मेंढरू डोळ्याला बांधून मासं दिसत्यात का?" सांडू म्हणाला. मुंजाबानं तोंडावर शेव धरला. मग आपली घोंगडी काढून सांडूच्या अंगावर टाकली आणि त्याला पोचवायला बिडकीनपर्यंत आला.

बिडकीनच्या स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर माणसं रेडिओभोवती उभी होती. बातम्या संपल्या आणि त्यातल्या एकदोघांनी घोंगडी पांघरलेल्या, निथळणाऱ्या सांडूकडं पाहिलं, आणि नजर दुसरीकडं नेली. विद्यापीठाला नाव लागलं होतं. सांडूनं टपरीवाल्याला पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं, आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

मुंजाबानं चहा बशीत ओतला. तो ज्या लोकांत राहत होता, तिथं ह्या नावावरून काय काय बोललं गेलं होतं, ते दोघांनाही माहीत होतं. वर्षभर काठावर शेजारी बसून दोघांनी हा विषय कधी काढला नव्हता.

"तुह्याकडं आनंद आसंल आज," मुंजाबा म्हणाला.

"आसंल. मी कुटं हाये तिथं?"

"आमच्या गावाला नाव व्हतं. नवीन वसाहतीला सरकारनं नंबर दिला, तीन. पोष्टमन बी तीन म्हनतो." त्यानं बशी खाली ठेवली. "नावासाठी मानूस भांडतो, ते काय खोटं नसतं. जा आता. घोंगडी ऱ्हाऊ दे."

एसटी शहराच्या अलीकडंच पोलिसांनी थांबवली. सांडू तिथून विद्यापीठापर्यंत चालत गेला, ओली चप्पल फटफटत. गेटसमोर माणसांचा समुद्र होता. निळे झेंडे, निळा गुलाल, ढोल. म्हाताऱ्या बायका जमिनीला हात लावून कपाळाला लावत होत्या. सोळा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली त्याच्यात सांडू मगरे घोंगडी पांघरून, अंगाला शेवाळाचा वास, असा सर्वांत शेवटी येऊन उभा राहिला. त्याला एकदम रडू आलं. गुलालानं कुणाचेच डोळे धड नव्हते, त्यामुळं ते खपून गेलं.

मुक्ताबाई आणि मनकर्णाबाई एका दगडी कठड्यावर बसलेल्या सापडल्या. मुक्ताबाईच्या पांढऱ्या केसांत निळा रंग भरला होता. तिनं पोराला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आंघोळ करून आलास व्हय?"

"गॉगल पडला पान्यात."

मनकर्णाबाईनं डोळे मिटून घेतले. मुक्ताबाई मात्र हसायला लागली. ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि सांडूला तिची पाठ चोळावी लागली. साहेबराव तिकडून आले. ते खुशही होते आणि नाराजही. मागितलं होतं नामांतर, मिळाला नामविस्तार, मराठवाडा शब्द पुढं तसाच राहिला, असं ते सगळ्यांना सांगत होते. सांडूला पाहून ते थांबले आणि म्हणाले, "सोळा वर्सं बसला होता ना रे आमच्याबरोबर? मग आजच बरा उठून गेलास." आणि त्यांनी मूठभर गुलाल त्याच्या ओल्या डोक्यावर चोळला. तो रंग आठवडाभर निघाला नाही. घोंगडीवरचा कधीच निघाला नाही. परत मिळाल्यावर मुंजाबानं ती तशीच वापरली. वसाहतीत कुणी विचारलं तर तो सांगायचा, औरंगाबादला गेली होती.

सांडूनं पुढच्या दिवाळीला नईमभाईंकडून तसाच दुसरा गॉगल घेतला. त्यानंतर कंपनीत कुणी विचारलं, स्वस्तातला घ्यावा की महागातला, तर तो मशीन थांबवून सगळं सांगायचा: दोन काचा एकमेकींसमोर फिरवून बघा, परातीत नाणं टाकून बघा, पट्टीवरच्या अक्षरांवर जाऊ नका. आणि शेवटी म्हणायचा, "महागाचा घ्या. आन् त्याला दोरी बांधा."

पण त्या दिवाळीच्या आधी, त्याच वर्षीच्या मे महिन्यात, पाणी खूप मागं सरलं आणि मुंजाबाचा निरोप आला. सांडू गेला तेव्हा पार उघडा पडला होता, भोवती भेगाळलेला गाळ. दोघांनी गॉगलसाठी सगळा पार धुंडाळला. सापडला नाही. मग मुंजाबानं त्याला गाव दाखवलं. ही चावडी, हा आड, ही आमच्या चार खणांच्या घराची भिंत. गावाच्या पूर्वेला जरा लांब काही जोती दिसत होती. मुंजाबा तिथं थांबला, थोडा अडखळला, मग म्हणाला, "हे तुमच्या लोकायचं. इथं भिकाजी म्हनून एक व्हता, डफ वाजवायचा. लई चांगला वाजवायचा. त्यो कुटं गेला ते आमी कुनी इचारलंच न्हाई."

सांडू त्या जोत्यावर बसला. ऊन लागत होतं, त्यानं डोळ्यांवर हात धरला. मुंजाबा त्याच्या शेजारी टेकला आणि पिशवीतून भाकरी काढून मधोमध ठेवली. खाता खाता तो भिकाजीच्या लग्नातली एक लांबलचक गोष्ट सांगायला लागला, आणि ती संपेपर्यंत बिडकीनची तीनची एसटी निघून गेली.